वन्संचा आकडा

आमच्या वन्संना कुठलीही वस्तू बंद पडलेली चालत नाही, आणि काही बंद पडल्याशिवाय त्यांना करमतही नाही. घरातला मिक्सर बसला, की मी दुरुस्तीवाल्याचा नंबर शोधते. वन्सं पेन शोधतात. मिक्सर किती वेळ बंद राहणार, तोवर हाताने वाटायला किती वेळ जाणार, त्या वेळात मी दुसरं काय केलं असतं आणि ते न झाल्याने घराला केवढ्याला पडलं, हे सगळं दुरुस्तीवाला दारात येईपर्यंत त्यांच्याकडे तयार असतं. दुरुस्तीवाल्याचे पैसे मी द्यायचे, आणि तो गेल्यावर वन्संनी मला सांगायचं, "खरं नुकसान याच्या कितीतरी पट झालं बरं का." एकदा मी तापाने तीन दिवस आडवी होते. त्यांनी उशाशी चहा आणून ठेवला, पांघरूण नीट केलं आणि आमच्या ह्यांना दाराशी नेऊन हलक्या आवाजात सांगितलं, की मी तीन दिवस बंद असल्यामुळे घराला अमुक इतकं पडलं. आकडा बरा होता. आजारपणात माझा एवढा भाव कुणी केला नव्हता.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं विचारायची माझी कधी छाती झाली नाही, कारण त्याचाही हिशेब तयार असेल अशी मला धास्ती होती. त्या चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला होत्या, आणि आम्ही राहायचो ते घर त्या कारखान्याचं होतं. वन्संची नोकरी, म्हणून कारखान्याने वन्संना दिलेलं. तीन खोल्या, मागे बाल्कनी, नळाला दिवसभर पाणी. आमचे हे तेव्हा नवी नोकरी शोधत होते, म्हणजे दुपारी झोपत होते. तेव्हा घर कुणाच्या जिवावर उभं होतं हे सांगायला वन्संच्या पेनाची गरज नव्हती.

कारखान्याचं काम तसं सरळ. गावोगावचे चष्म्याचे दुकानदार गिऱ्हाइकाचा नंबर कॉम्प्युटरवरून पाठवायचे. इथे एका ट्रेमध्ये दोन काचा आणि एक चिठ्ठी ठेवली जायची, आणि तो ट्रे या टेबलावरून त्या टेबलावर फिरत फिरत शेवटी पॅकिंगला पोचायचा. चिठ्ठीवर फक्त ऑर्डरचा क्रमांक. काच कुणाची, नंबर काय, दुकान कुठलं, ही बाकी सगळी अक्कल कॉम्प्युटरमध्ये. माणसांच्या डोक्यात काही ठेवायचं नाही, असं मालकांचं धोरण होतं, आणि ते स्वतः ते काटेकोरपणे पाळत.

हे मालक एकदा कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि येताना 'डाउनटाइम' हा शब्द घेऊन आले. महिनाभर त्यांना दुसरा शब्द सुचेना. सगळ्यांना बोलावून म्हणाले, "आपली सिस्टीम एक तास ठप्प झाली तर आपलं किती जातं, हे आपल्याला माहीत पाहिजे. कोण काढेल?" हिशेबखात्यातल्या सगळ्यांनी छताकडे बघितलं. वन्संनी हात वर केला. त्या दिवसापासून त्या जुन्या कामाबरोबर हेही काम करू लागल्या. पगार तोच राहिला. मान म्हणून त्यांची खुर्ची जिन्याजवळच्या कोपऱ्यात हलवली.

वन्संनी काम मनापासून केलं, हे मी त्यांची भावजय असूनही कबूल करते. त्या प्रत्येक टेबलाशी गेल्या आणि एकच प्रश्न विचारला, "एका तासात तुम्ही किती काम करता?" आता जगात असा नोकरदार जन्माला यायचाय, जो या प्रश्नाला कमी आकडा सांगेल. काचा घासणाऱ्याने छाती फुगवून सांगितलं. पॅकिंगवालीने जे सांगितलं ते खरं असतं, तर तिला चार हात असायला हवे होते. टेलिफोनवरची बाई म्हणाली, "मी एक तास नसले तर कंपनी मुकी." वॉचमन म्हणाला, "माझ्यामुळे तासाला किती चोर येत नाहीत, ते लिहा." वन्संनी तेही लिहिलं. शेवटी त्या मालकांकडे गेल्या. मालक खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "माझ्या एका तासात अख्खी कंपनी आहे." मग त्यांनी स्वतःच्या तासाचा जो भाव सांगितला, तो एकटाच बाकी सगळ्यांच्या बेरजेच्या जवळपास होता.

वन्संनी सगळं मिळवलं आणि एका तासाच्या नुकसानीचा एक दणदणीत आकडा काढला. तो आकडा पुढे आमच्या घरात कुटुंबातल्या माणसासारखा राहिला. जेवताना वन्सं तो सांगायच्या, पाहुण्यांना सांगायच्या, गॅसवाल्याला सुद्धा एकदा सांगितला होता. या आकड्याच्या जोरावर त्यांचं मालकांकडे एकच मागणं असे. सगळ्या माहितीची दुसरी प्रत रोज काढून ठेवा. मालक आकडा ऐकून खूश व्हायचे, कारण त्यात निम्मे ते स्वतःच होते. मागणं ऐकून मात्र "बघू" म्हणायचे.

बघता बघता एके वर्षी त्यांनी खरंच एक डबा विकत घेतला. डबा म्हणजे प्रत काढायचं यंत्र. संध्याकाळी आपोआप चालू व्हायचं, दिवसभराचं सगळं उतरवून घ्यायचं आणि हिरवा दिवा लावायचं. तो मुख्य कॉम्प्युटरच्या खोलीत ठेवला. तिथे एक बोर्ड होता, जो वीज गेली तरी बॅटरीवर चालायचा. त्या बोर्डाला दोन जागा. एकीत मुख्य कॉम्प्युटर, दुसरीत डबा. वन्सं त्या दिवशी घरी मिठाई घेऊन आल्या.

मिठाई संपली नाही तोच मालकांनी मासे आणले. मोठी काचेची टाकी, आत नारिंगी, फुगीर गालांचे, मालकांसारखेच दिसणारे चार मासे. आधी ती टाकी बाहेर स्वागतकक्षात होती, पण येणारे जाणारे काचेवर टकटक करायचे आणि माशांना त्रास व्हायचा. म्हणून ती शांत, थंड अशा कॉम्प्युटरच्या खोलीत आली. माशांना हवा लागते, हवेला पंप लागतो आणि पंपाला न जाणारी वीज लागते. डब्याची वायर काढली गेली आणि पंपाची लागली.

कॉम्प्युटर सांभाळणारा एक टक्कल पडलेला, पापभीरू गृहस्थ होता. त्याने चाचरत सांगितलं, "साहेब, एक जादा बोर्ड लावू का? दोन्ही बसतील."

मालक म्हणाले, "पाण्याजवळ वायरींचं जंजाळ? माशांना शॉक बसला तर?"

वन्सं जिना उतरून तरातरा केबिनमध्ये गेल्या आणि आकडा म्हणून दाखवला. मालक म्हणाले, "अहो ताई, हवा बंद झाली तर मासे मरतील. डबा काय मरतोय?" वन्संनी लेखी दिलं. मालकांनी कागदावर "पाहिले" असं लिहिलं, आणि खरोखर फक्त पाहिलं.

त्या रात्री ताटावर बसून वन्सं धुमसत होत्या. मी म्हटलं, "वन्सं, पाण्यात राहून माशांशी वैर करू नये." आमचे हे हसून हसून ताटावरच लवंडले. माझ्या त्या विनोदावर मी पुढे कित्येक आठवडे खूश होते.

मग व्हायचं ते झालं. एका साध्या कामाच्या सकाळी मुख्य कॉम्प्युटरमधून जेवताना दाताखाली खडा यावा तसा आवाज आला आणि सगळे पडदे काळे झाले. टक्कलवाले गृहस्थ आत धावले. डबा होता. वर धूळ होती. हिरवा दिवा गेले कित्येक महिने लागला नव्हता. शेजारी मासे मजेत होते.

कारखान्याच्या तोंडचं पाणी पळालं. शेकडो ट्रे टेबलांवर, काचा अर्धवट घासलेल्या, आणि कुठली काच कुणाच्या डोळ्याची हे कुणालाच ठाऊक नाही. मालकांनी कॉम्प्युटरमधली बिघडलेली डिस्क रुमालात गुंडाळली आणि ते ती घेऊन स्वतः दुसऱ्या शहरात गेले. तिथे म्हणे गेलेली माहिती परत काढून देणारे तज्ज्ञ होते. पांढरे हातमोजे घालून त्यांनी डिस्क हातात घेतली आणि सांगितलं, की माहिती मिळेल न मिळेल, फी मात्र नक्की मिळाली पाहिजे. मालक तिथेच हॉटेलात राहिले. आठवड्याहून जास्त राहिले.

इकडे वन्संचा दिवस उगवला होता. आयुष्यभर ज्याचा अंदाज केला ते एकदाचं घडलं होतं. इस्त्रीचे कपडे घालून, घड्याळ समोर ठेवून त्या तासातासाला नुकसान मांडत होत्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आल्या तेव्हा चेहऱ्यावर एक तेज होतं. दुसऱ्या दिवशी ते जरा उतरलं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, माझ्या आकड्याप्रमाणे कंपनी आज दुपारीच बुडायला हवी होती."

"मग?"

"मग काही नाही. कॅन्टीनमध्ये जेवण वेळेवर मिळालं."

ही गोष्ट त्यांना खाऊ लागली. तिसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळ खणात टाकलं आणि टेलिफोनवरच्या बाईशेजारी जाऊन बसल्या. दुकानदारांना एकेक करून फोन लावला. गिऱ्हाइकाच्या नंबराचा कागद दुकानात असतोच. कॉम्प्युटरवर पाठवून झाला तरी तो कुणी फेकत नाही, सगळे टाचणीला टोचून ठेवतात. दुकानदार वाचून दाखवायचे, वन्सं उतरून घ्यायच्या. घासणाऱ्यांनी अर्धवट काचा नंबर तपासायच्या यंत्राखाली धरून कुठली कुणाची ते जुळवलं. चिठ्ठ्यांवर स्केचपेनने नावं पडली. काम रखडत चाललं, चुकत चाललं, पण चाललं. उधारी कुणाकडे किती होती हे मात्र दुकानदारांनाच विचारावं लागलं, आणि त्यांनी ती फार नम्रपणे सांगितली. तासाचं काम विचारल्यावर फुगणारी माणसं उधारी विचारल्यावर किती बारीक होतात, हे वन्संनी तेव्हा पाहिलं.

आणि त्या पुन्हा टेबलाटेबलाशी गेल्या. यावेळी कुणाला काही विचारलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या आणि मोजलं. किती ट्रे सरकले, किती वाया गेले, किती दुकानदार दुसरीकडे गेले, त्यातले किती परत आले. पॅकिंगवालीला दोनच हात निघाले.

मालक परत आले ते रिकाम्या हाताने नाही. तज्ज्ञांनी त्या डिस्कमधून एक फोल्डर जसंच्या तसं परत मिळवून दिलं होतं. त्यात माशांचे फोटो होते.

आल्या आल्या त्यांनी वन्संना केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. कारखान्याचा विमा होता. सिस्टीम ठप्प झाल्याचं नुकसान विमा कंपनी भरून देणार होती. दोन गोष्टी लागत होत्या. एक, नुकसान किती ते कारखान्याच्या अधिकृत माणसाच्या सहीने. दोन, प्रत रोज निघत होती आणि तरीही यंत्राच्या बिघाडामुळे माहिती गेली, असं लेखी.

मालक म्हणाले, "ताई, मी काही खोटं करायला सांगत नाही. तुमचाच आकडा आहे. इतकी वर्षं तुम्ही सांगत होतात, मीच ऐकलं नाही. आज ऐकतोय. गुणिले तास करा आणि सही करा. आणि हो, ती जिन्याजवळची खुर्ची बरी दिसत नाही. तुम्हाला केबिन देऊ."

वन्सं "उद्या सांगते" म्हणून घरी आल्या आणि आम्हाला सगळं सांगितलं. मला तर आनंदच झाला. मी म्हटलं, "मग अडलं कुठे? आकडा तुमचाच आहे ना? या घरात भात कमी शिजला पण तो आकडा कधी कमी पडला नाही."

"तो चुकला होता," वन्सं म्हणाल्या.

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ह्यांनी सुद्धा पेपर खाली केला.

"खरं नुकसान त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं आहे. मी मोजलंय."

"चुकला तर चुकला! कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

"तुमच्या कळण्यावर घर मिळत नाही, वन्सं," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला. "सही नाही केली तर ते तुम्हाला ठेवतील? आणि तुम्ही नाही तर हे घर? आपण तिघांनी जायचं कुठे? आणि डब्याचं तरी काय, तुम्ही लेखी दिलं होतंत, तुमचा दोष नाही. एक सही करायची, एवढंच."

हे म्हणाले, "ताई, कर ना. पुढचं पुढे."

वन्सं बराच वेळ टेबलावरचे खरकटे कण बोटाने गोळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, मी इतकी वर्षं लोकांना विचारत फिरले. ते सांगतील ते लिहिलं आणि त्यालाच मोजणं म्हटलं. म्हणून कुणी ऐकलं नाही माझं. ऐकण्यासारखं नव्हतंच ते. आता एकदा खरंच मोजलंय, तर तेच लपवू?"

मला त्यांचा भयंकर राग आला. मी भांडी इतकी आपटली की एकाला पोचा पडला. त्या रात्री मी बाल्कनीत जाऊन रडले, आणि ते वन्संसाठी नव्हतं, बाल्कनीसाठी होतं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला टेलिफोनवरच्या बाईने सांगितलं. केबिनचं दार लावलेलं असलं तरी तिला ऐकू येतं आणि दाराच्या काचेतून दिसतं, तो तिच्या कामाचाच भाग आहे. वन्संनी सही केलेला कागद मालकांपुढे ठेवला. कारण म्हणून लिहिलं होतं, की डब्याची विजेची जागा माशांच्या पंपाला दिल्यामुळे प्रत निघत नव्हती. मालक ते वाचून फक्त हुंकारले. आकडा तिसऱ्या हिश्शाचा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. मग त्यांचं बोट खाली सरकत एका ओळीवर थांबलं. तिथे मालकांचा तास होता. मालक बाहेरगावी असल्याने या काळात एकही तास उपलब्ध नव्हते, त्यामुळे कामात पडलेला फरक शून्य, असं लिहिलं होतं.

"शून्य?" मालक म्हणाले.

"मी दोनदा तपासलं, साहेब," वन्सं म्हणाल्या.

वन्संनी थोडं तरी राजकारण शिकायला हवं होतं. माशांबद्दल त्यांना माफी मिळाली असती. विम्याच्या पैशांबद्दलही कदाचित मिळाली असती. पण शून्याला माफी नसते. मालकांनी शांतपणे सांगितलं, की नुकसान कमी करून दाखवणारा नुकसान-अधिकारी कंपनीला परवडणारा नाही. आणि दारापर्यंत गेलेल्या वन्संना हाक मारून म्हणाले, "एवढे मासेच गुन्हेगार वाटतात ना? मग तुमचे गुन्हेगार तुम्हीच घेऊन जा."

मालक टोमणा मारत होते. वन्संना टोमणे कळत नाहीत. त्यांनी आत जाऊन पंपाची वायर काढली, डब्याची लावली, हिरवा दिवा लागेपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग त्या टक्कलवाल्या गृहस्थाच्या मदतीने टाकी-पंपासकट, चारही मासे बादलीत घालून घरी आणले. दारात मी उभी होते. नोकरी गेली, घर जाणार, आणि खाणारी चार तोंडं वाढली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा बादलीतून येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

त्या दोन गोष्टींशिवाय विमा कंपनीने एक पै दिली नाही. कारखाना मात्र बुडला नाही. वन्संनी सांगितलेलं तेवढंच नुकसान झालं, आणि ते कारखान्याने सोसलं. आम्ही दोन खोल्यांत राहायला आलो, चौथा मजला, बाल्कनीच्या नावाने खिडकी. ह्यांना नोकरी लागली, कारण या घरात दुपारी ऊन थेट पलंगावर येतं आणि झोपता येत नाही. वन्सं एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसतात. त्या फोनाफोनीत ज्या दुकानदाराने आपली उधारी खरी सांगितली होती, त्याचं ते दुकान. तिथेही त्यांनी पहिल्याच आठवड्यात मालकाला विचारलं, की तुमच्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची दुसरी प्रत कुठे असते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

नव्या घरात स्वयंपाकघरात भरवशाचा बोर्ड एकच. त्यावर माझा मिक्सर होता. आता पंप आहे. मी बरंच भांडून पाहिलं आणि मग हाताने वाटायला लागले. माशांवर माझा अजिबात जीव नाही, हे इथे स्पष्ट सांगते.

गेल्या आठवड्यात दुपारी वीज गेली. घरात मी एकटी. पंप थांबला, बुडबुडे थांबले. मासे एकेक करत वर आले आणि तोंडं उघडून माझ्याकडे बघायला लागले, अगदी मालकांसारखे. मेले तर मेले, असं मी मोठ्याने म्हटलं. मग पातेलं घेतलं आणि टाकीतलं पाणी भरून उंचावरून परत आत ओतायला लागले. भर, ओत, भर, ओत. खांदे भरून आले, ओटा भिजला, साडी भिजली. मी मालकांना, माशांना आणि वन्संना जेवढं म्हणून बोलता येईल तेवढं बोलून घेतलं, पण हात थांबवला नाही. वीज आली तेव्हा चारही मासे खाली गेले होते.

संध्याकाळी वन्सं आल्या. ओली फरशी आणि टाकीजवळचं पातेलं बघून त्यांना सगळं समजलं. त्यांनी चप्पल काढली, पिशवी ठेवली आणि विचारलं, "किती वेळ गेली होती?"

दोन तास तरी, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. खांदे तसंच सांगत होते. वन्संच्या हातात पेन नव्हतं. त्या नुसत्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या.

"वीसेक मिनिटं," मी म्हटलं.

"बरं," वन्सं म्हणाल्या, आणि फरशी पुसायला फडकं शोधू लागल्या.